हृषीकेशच्या योगकीर्तीचा काल व तेथील प्रवाशांचीं दप्तरें

गेल्या कार्तिकांत हृषीकेश व देवप्रयाग येथें मिळून अकरा दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. आमचा एक जुना विद्यार्थी डेहराडून येथें नोकरीस आहे. त्याच्या आग्रहामुळें हा प्रवास घडला. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाहीं, व तें या त्रैमासिकांत शोभणारहि नाहीं. परंतु तेथें जें पाहिलें त्यावरून एक प्रश्न मनांत उभा राहिला, आणि त्या प्रश्नाचा हस्तलिखितें व जुनीं दप्तरें जमविणाऱ्या मंडळींशीं निकटचा संबंध आहे, म्हणून हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्न असा. गंगेच्या कांठचें हें गांव आज योगाचें जगांतील मुख्य पीठ म्हणून ओळखलें जातें. इ. स. २०२१ च्या आरंभीं ज्या नव्या स्थानकावरून आगगाड्या सुटूं लागल्या त्याचें नांवच 'योगनगरी ऋषिकेश' असें ठेविलें आहे. रस्त्यानें चालतांना दर दहा पावलांवर योगाचा वर्ग लागतो, आणि त्याला लागूनच रबरी नावांतून गंगेच्या खळाळांत नेऊन आणणाऱ्यांची पाटी लागते. कोणासहि विचारा, नावांचा धंदा अलीकडचा, योग मात्र येथें अनादि काळापासून, हें उत्तर ठरलेलें आहे. नावांविषयीं तें खरें आहे. योगाविषयीं कितपत खरें, हें उपलब्ध साधनांवरून तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम नांव घेऊं. चाळीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना 'ऋषिकेश' असें लिहिणाऱ्या मुलाच्या वहींत आम्ही तांबडी रेघ मारीत आलों. शब्द हृषीकेश असा आहे. हृषीक म्हणजे इंद्रिय, हा अर्थ अमरकोशांत दिलेला आहे. इंद्रियांचा ईश तो हृषीकेश, अर्थात् विष्णु. महाभारताच्या शांतिपर्वांतील नारायणीय आख्यानांत याच नांवाची निराळी फोड करून सूर्यचंद्रांचे किरण हेच भगवंताचे केश, असेंहि सांगितलें आहे. ऋषींच्या केसांचा संबंध मात्र यांपैकीं कोणत्याच व्युत्पत्तींत येत नाहीं. तेथें पालिकेच्या कचेरीवर, स्थानकावर, मिठाईच्या दुकानावर सर्वत्र 'ऋषिकेश' पाहून आम्हांस आधीं तांबड्या रेघेचीच आठवण झाली. मागाहून विचार करतां असें वाटूं लागलें कीं, ही चूक लिहिणाऱ्याची नसून यात्रेकरूंच्या जिभेची आहे. उत्तरेंत ऋकाराचा उच्चार 'रि' असा होतो आणि जुन्या वळणांत षकाराचा 'ख' असा होत असे. इंग्रज अंमलदारांच्या जुन्या लिखाणांत हें गांव 'रिखीकेश' या रूपानें आढळतें. आरंभींचा हकार एकदां गळाला म्हणजे उरलेल्या शब्दांत ऐकणारास ऋषि सांपडणें स्वाभाविकच होतें. तेव्हां अशुद्ध रूप हें निरुपयोगी नाहीं. गांवाचें नांव पोथींतून नव्हे तर पायीं चालणाऱ्यांच्या तोंडून आपणांपर्यंत आलें, याचा तो पुरावा आहे. तांबडी रेघ आम्ही मागें घेत नाहीं. फक्त तिच्याकडे पाहण्याची दृष्टि थोडी बदलली आहे.

इंद्रियांचा ईश या अर्थावरून गांवाचें योगपीठत्व सिद्ध करणारे लोक तेथें पुष्कळ भेटतात. परंतु हें विष्णूचें नांव आहे, व गांवांतील सर्वांत जुनें मानलेलें देवालय, ज्यास भरतमंदिर म्हणतात, तेंहि विष्णूचेंच आहे. तेथील मूर्तीची पुनःस्थापना आद्य शंकराचार्यांनीं केली अशी परंपरा सांगतात. नांवावरून वैष्णव क्षेत्र सिद्ध होईल; त्यापलीकडे कांहीं सिद्ध होणार नाहीं.

आतां ग्रंथ. या स्थळाचें जुनें नांव कुब्जाम्रक. वनपर्वांतील तीर्थयात्राप्रकरणांत कुब्जाम्रकाचा उल्लेख आहे, आणि तेथें जाणारास सहस्र गोदानांचें फल सांगितलें आहे. वराहपुराणांत कुब्जाम्रकाचें स्वतंत्र माहात्म्य आहे. रैभ्य मुनि तप करीत असतां विष्णु आम्रवृक्षाच्या आश्रयानें प्रकट झाला व तो वृक्ष कुबडा झाला, अशी नांवाची उपपत्ति तेथें येते. सर्प व मुंगूस यांची कथाहि तेथेंच आहे. कनोजच्या गोविंदचंद्र गाहडवालाचा मंत्री लक्ष्मीधर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या कृत्यकल्पतरूच्या तीर्थकांडांत वाराणसी, प्रयाग, गया यांच्याबरोबर कुब्जाम्रकासहि स्थान मिळालें आहे. हें तीर्थकांड इ. स. १९४२ त बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत रंगस्वामी अय्यंगार यांनीं प्रसिद्ध केलें, आणि आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं तें असेलच. तेव्हां तीर्थ म्हणून स्थळाची कीर्ति आठशें वर्षांहून अधिक जुनी आहे, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. वस्तीहि जुनीच आहे. गांवाच्या दक्षिणेस वीरभद्र येथें भारतीय पुरातत्त्व खात्यानें १९७३ ते १९७५ च्या सुमारास उत्खनन केलें, त्यांत इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांपासून सुमारें आठव्या शतकापर्यंतच्या वस्तीचे थर, विटांचें बांधकाम व एका शिवालयाचे अवशेष निघाले.

पण या ग्रंथांत यात्रेकरूनें तेथें जाऊन करावयाचें काय? स्नान करावें, उपवास करावा, दान द्यावें, आणि भाग्य असल्यास तेथेंच देह ठेवावा. केदारखंडांत, जें मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें छापलें आहे, रैभ्यानें इंद्रियें जिंकून दर्शन मिळविलें म्हणून विष्णु तेथें हृषीकेश या नांवानें राहिला, असें येतें. हा आमच्या मताविरुद्ध जाणारा सर्वांत बळकट आधार आहे, म्हणून तो आम्ही लपवीत नाहीं. तथापि एका ऋषीचें तप निराळें आणि चार लोकांनीं योग शिकण्यासाठीं जावयाचें ठिकाण निराळें. हठप्रदीपिकेंत योग्याची मठी कशी असावी, तिचें दार केवढें असावें, येथपर्यंत बारकावे आहेत. हृषीकेशाचें अथवा कुब्जाम्रकाचें नांव त्यांत नाहीं.

मग ही कीर्ति आली केव्हां? आमच्या मतें तिचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिला इ. स. १८८० च्या सुमाराचा. त्या वर्षीं स्वामी धनराजगिरि यांनीं कैलास आश्रम स्थापिला. तेथें वेदांताचें अध्ययन चाले. त्याच दशकांत काळी कांबळी पांघरणारे स्वामी विशुद्धानंद, जे बाबा काली कमलीवाले या नांवानें प्रसिद्ध आहेत, त्यांनीं साधूंच्या व यात्रेकरूंच्या अन्नाची सोय केली आणि बदरीकेदारच्या वाटेवर धर्मशाळांची मालिका उभी केली. त्यांच्या संस्थेस तेथें 'क्षेत्र' म्हणतात. हा शब्द ऐकून आम्ही प्रथम तीर्थक्षेत्र असा अर्थ घेतला, पण अन्न वांटण्याच्या जागेस तो लावतात हें लक्षांत आल्यावर उलगडा झाला. मूळ शब्द सत्र. त्याचें आपल्याकडे अन्नछत्र झालें, आणि तिकडे छत्राचें छेत्र होऊन कोणा सुशिक्षितानें त्याचें पुन्हा क्षेत्र केलें असावें. इ. स. १८९० त स्वामी विवेकानंद गुरुबंधूंसह येथें राहिले व अत्यवस्थ आजारी पडले. त्या वेळीं साधु गवताच्या कुटींत राहत, क्षेत्रांतून रोटी आणीत, आणि शांकरभाष्य वाचीत. गांवाची कीर्ति तेव्हां वेदांती विरक्तांची होती.

दुसरा टप्पा १९२४ पासूनचा. मलायांत वैद्यकी करून परतलेला एक तामिळ डॉक्टर त्या वर्षीं हृषीकेशास आला व १ जून रोजीं त्यानें संन्यास घेतला. हेच स्वामी शिवानंद सरस्वती. त्यांनीं १९३६ त दिव्य जीवन संघ स्थापिला, १९४८ त योग व वेदांत शिकविणारी अरण्य-विद्यापीठासारखी संस्था काढली, स्वतःचा छापखाना घातला, आणि इंग्रजींत पुस्तकांमागून पुस्तकें लिहून तीं टपालानें देशोदेशीं धाडलीं. त्यांचे शिष्य विष्णुदेवानंद १९५७ त पश्चिमेकडे गेले. दुसरे शिष्य सत्यानंद यांनीं मुंगेर येथें आपली शाळा काढली. १९६१ त महर्षि महेश योगी यांनीं गंगेच्या पूर्वकांठीं वनखात्याची जमीन भाड्यानें घेऊन आश्रम वसविला, व १९६८ च्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील बीटल्स हे गायक तेथें येऊन राहिल्यावर गांवाचें नांव सर्व जगाच्या वर्तमानपत्रांत गेलें. यांत एक योगायोग आम्हांस नमूद करावासा वाटतो. ज्या १९२४ त शिवानंद हृषीकेशास आले त्याच सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगमीमांसा हें नियतकालिक सुरू केलें. म्हणजे योगाचें आधुनिक शिक्षण सह्याद्रींत व हिमालयाच्या पायथ्याशीं एकाच वर्षीं मूळ धरूं लागलें. एकानें प्रयोगशाळेची वाट धरली, दुसऱ्यानें छापखान्याची.

१९२४ पूर्वीं येथें कोणी योगी नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. गुहेंत बसणारा योगी दप्तर ठेवीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सामान्य मनुष्य योग शिकावयाचा म्हणून हृषीकेशचा रस्ता धरूं लागला त्याला फार तर शंभर वर्षें झालीं. त्यापूर्वींचें हृषीकेश हें वाटेवरचें गांव होतें. येथें मैदान संपतें व डोंगर सुरू होतो. बदरीकेदारास जाणारा मनुष्य येथें दम घेई, बिऱ्हाडाची व्यवस्था लावी, नदी ओलांडी व पुढें जाई.

शंभर वर्षें म्हणजे गांवास लहानपणा येतो असें तेथील मंडळींस वाटतें. एका आश्रमांतील वृद्ध व्यवस्थापकांशीं आम्हीं हें बोलून दाखवितांच ते म्हणाले, "मास्तरसाहेब, योगास आपण जन्मतारीख मागतां?" योगास मागत नाहीं, गांवाच्या कीर्तीस मागतों, असें आम्हीं सांगितलें, त्यांचें समाधान झालें नाहीं. पण याच ठिकाणीं आमच्या मतें खरें नुकसान होत आहे. जें अनादि मानलें त्याचे कागद जपण्याची कोणास गरज वाटत नाहीं. गांवांतील एका जुन्या धर्मशाळेंत, तिचें नांव येथें देत नाहीं, आम्ही यात्रेकरूंच्या नोंदणीच्या जुन्या वह्यांची चौकशी केली. कोणी कोठून आला, बरोबर किती माणसें, कोणत्या तारखेस वर गेला, हें सर्व त्या वह्यांत असे. वह्या कोठें आहेत? माळा दुरुस्त करतांना वजनावर रद्दींत दिल्या, असें उत्तर मिळालें. सांगणारास यांत लपविण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं, हेंच अधिक वाईट. पोथी असती तर ती तांबड्या फडक्यांत बांधून देव्हाऱ्यांत ठेविली असती.

सरकारी दप्तरांचीहि तेथें मोठी विभागणी झालेली आहे. ज्यास बाहेरचे लोक सरसकट हृषीकेश म्हणतात तें तीन जिल्ह्यांत वांटलेलें आहे: मूळ गांव डेहराडून जिल्ह्यांत, मुनीकी रेती टेहरी जिल्ह्यांत, आणि पूर्वकांठचा स्वर्गाश्रम व लक्ष्मणझुल्याचा भाग पौडी जिल्ह्यांत. पैकीं मुनीकी रेती १९४९ पर्यंत टेहरी संस्थानांत होती. तेव्हां एकाच घाटाच्या इतिहासासाठीं इंग्रजी मुलखाचें व संस्थानाचें अशीं दोन्ही दप्तरें पाहावीं लागतात. त्यापूर्वींच्या गढवाल राजांच्या कागदांची आशा फार धरतां येत नाहीं. १८०४ त गुरख्यांनीं राज्य घेतलें. आणि पुढें १८९४ च्या ऑगस्टांत गोहना येथील दरड कोसळून तयार झालेला तलाव फुटला, तेव्हां अलकनंदेच्या पुरानें श्रीनगर ही जुनी राजधानी राजवाड्यासकट धुवून नेली.

अशा स्थितींत लोखंडावर व दगडावर जें राहिलें आहे त्याचें महत्त्व वाढतें. लक्ष्मणझुल्याचीच गोष्ट घेऊं. लक्ष्मणानें येथें दोरांवरून गंगा ओलांडली अशी कथा आहे, व १८८९ पर्यंत येथें खरोखरच दोरांचा पूल होता. त्या वर्षीं कलकत्त्याचे व्यापारी रायबहादुर सूरजमल झुनझुनवाला यांनीं लोखंडी दोरांचा झुलता पूल बांधविला. तो १९२४ च्या ऑक्टोबरांतील पुरांत वाहून गेला. नवा पूल १९२७ ते १९२९ मध्यें बांधून ११ एप्रिल १९३० रोजीं रहदारीस खुला झाला. त्याचा गाळा ४५० फूट असून वाट अवघी सहा फूट रुंद. जुलै २०१९ त तो धोकादायक ठरवून बंद करण्याचा हुकूम निघाला. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांच्या पाट्यांचें वाचन आम्हीं आमच्या विद्यार्थ्यानें पूर्वीं घेतलेल्या छायाचित्रांवरून केलें आहे.

पूर्वेकडील पाटीवर गव्हर्नर सर माल्कम हेली यांच्या हस्तें झालेल्या उद्घाटनाची तारीख असून, सूरजमल यांचे पुत्र रायबहादुर शिवप्रसाद तुलशान यांनीं पित्याच्या स्मरणार्थ खर्चास हातभार लावल्याचें लिहिलें आहे. पश्चिमेकडील पाटींत पुलाची लांबी, रुंदी, बांधकामाचीं वर्षें व तीच उद्घाटनाची तारीख आहे. आणि प्रांतांतील जीपगाडी जाऊं शकेल असा हा पहिला झुलता पूल, असें विधान आहे. वाचकांनीं येथें थांबावें. जीपगाडी जन्मास आली ती दुसऱ्या महायुद्धांत, १९४०-४१ च्या सुमारास. १९३० त कोरलेल्या पाटीवर तिचें नांव येणें शक्य नाहीं. अर्थात् ही पाटी उद्घाटनाच्या वेळची नसून निदान दहा वर्षें, बहुधा त्याहून बरीच, मागाहूनची आहे. तिच्यावरील तारीख ही घटनेची आहे, लेखाची नव्हे. ताम्रपटांच्या बाबतींत हा विवेक आपण नेहमीं करितों. लोखंडी पाटीसहि तो लागू पडतो हें पाहून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, मौज वाटली.

पूल ओलांडून पूर्वकांठानें बदरीनाथाची जुनी पायवाट जात असे, आणि तिच्यावर दर थोड्या मैलांवर चट्टी असे. चट्टी म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपड्यांची ओळ. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घेतलें कीं निवारा व भांडीं फुकट मिळत, हा तेथील व्यवहार. मोटाररस्ता वरपर्यंत गेल्यावर पायवाट ओस पडली, परंतु गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी हीं नांवें राहिलीं. मोहनचट्टीस आज त्र्याऐंशी मीटर उंचीच्या फळीवरून, पायांस रबरी दोर बांधून, तरुण मंडळी दरींत उड्या घेतात. एकेकाळीं दिवसभर चालून आलेला मनुष्य जेथें पाय चेपीत बसे तेथें आतां पाय बांधून उडी घेण्यासाठीं पैसे भरावे लागतात. आम्ही यास नांवें ठेवीत नाहीं. आम्हीं तेथें पाऊण तास उभे राहून पाहिलें, आणि उडी घेणाऱ्या प्रत्येकानें आधीं हात जोडले हेंहि पाहिलें.

नावेंत बसण्याचा आग्रह आमच्या विद्यार्थ्यानें फार केला. आम्ही शेवटच्या, संथ पाण्याच्या भागापुरतेच बसलों. टोप व फुगीर जाकीट घालून आमचें रूप काय दिसलें असेल तें त्या विद्यार्थ्यानेंच जाणावें. पण या नावाड्यांकडून जें ऐकलें तें टिपण्याजोगें आहे. कौडियाल्यापासून हृषीकेशपर्यंत सुमारें छत्तीस किलोमीटरच्या प्रवाहांत प्रत्येक मोठ्या खळाळास स्वतंत्र नांव आहे, आणि तीं बहुतेक सर्व इंग्रजी आहेत: थ्री ब्लाइंड माइस, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, डबल ट्रबल, रिटर्न टु सेंडर, द वॉल. ही नामावली गेल्या चाळीसएक वर्षांतील, नावांचा खेळ सुरू झाल्यानंतरची. प्रथम ऐकतांना कानास टोंचलीं. मग वराहपुराणांतील माहात्म्य आठवलें. कुब्जाम्रकाच्या परिसरांत तेथें अनेक उपतीर्थें सांगितलीं आहेत: मायातीर्थ, मानस, पुंडरीक, अग्नितीर्थ इत्यादि, प्रत्येकाची ओळख पटविण्याची खूण व प्रत्येकाचें फल दिलें आहे. पाण्याच्या एकेका वळणास नांव देऊन, तेथें गेलें असतां काय घडतें हें नवख्यास सांगणें, हें काम माहात्म्यकारानें केलें आणि तेंच हे नावाडी करीत आहेत. फरक इतकाच कीं पुराणांतील फल परलोकीं मिळावयाचें, व येथील फल तत्काळ, तेंहि नाकांतोंडांत.

आमच्या नावेचा मुख्य गढवाली तरुण होता, पंचविशींतला. "गुरुजी," तो म्हणाला, "माझे आजोबा या नांवांनीं हंसत. त्यांचीं नांवें निराळीं होतीं." कोणतीं, असें विचारतां त्यास दोनच आठवलीं, व तींहि खात्रीचीं नव्हतीं. आजोबांचें चट्टीवर दुकान होतें. ते वारले. अशीं जुनीं नांवें जाणणारीं माणसें दोन्ही कांठच्या खेड्यांत अजून असतील. डेहराडून-पौडीकडील कोणा अभ्यासकानें हें काम या दोनचार वर्षांत केलें नाहीं तर तें पुढें होण्यासारखें नाहीं.

बीटल्सच्या वास्तव्यामुळें प्रसिद्ध झालेल्या महर्षींच्या आश्रमास चौऱ्यांयशी कुटी म्हणतात. तो पुढें ओस पडला, वनखात्याच्या ताब्यांत गेला, व डिसेंबर २०१५ पासून तिकीट लावून लोकांस खुला झाला. दगडी घुमटांच्या भिंतींवर देशोदेशींच्या लोकांनीं चित्रें काढलीं आहेत व नांवें लिहिलीं आहेत. तेथील पहारेकऱ्यास भिंती खराब झाल्याचें वाईट वाटत होतें. आम्हांसहि ऐतिहासिक वास्तूवर नांव खरडणाऱ्यांची चीड आहे. सिंहगडावर आम्हीं मुलांचे कान धरले आहेत. पण चारच दिवसांनीं देवप्रयागीं जें पाहिलें त्यानें या चिडीचा जोर किंचित् ओसरला.

देवप्रयाग हृषीकेशपासून सत्तर किलोमीटर वर, भागीरथी व अलकनंदा यांच्या संगमावर आहे. तेथें रघुनाथाच्या देवळामागील खडकावर ब्राह्मी लिपींत कोरलेले लहान लहान लेख आहेत. बहादुरचंद छाब्रा यांनीं ते एपिग्राफिया इंडिकाच्या तिसाव्या खंडांत प्रसिद्ध केले. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील हे लेख आहेत, आणि त्यांत राजाज्ञा नाहीं, दान नाहीं, प्रशस्ति नाहीं. आहेत तीं यात्रेकरूंचीं नांवें. येथवर आलों, एवढेंच सांगण्यासाठीं कोणी कोणी खडकावर नांव खोदून ठेविलें, आणि आज गंगेच्या या खोऱ्यांतील सर्वांत जुन्या लेखी साधनांत त्या खरडण्याची गणना होते.

याच गांवीं बदरीनाथाच्या पंड्यांचीं घरें आहेत, व घरोघर यजमानांच्या वह्या आहेत. हरिद्वारच्या अशा वह्यांचीं सूक्ष्म छायाचित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळसंस्थेनें १९७७ नंतर घेतलीं. त्या वह्यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. हरिद्वारास अहिल्याबाईंचा कुशावर्त घाट असल्यामुळें आपल्या संशोधकांची पावलें तिकडे वळतात. देवप्रयागापर्यंत तीं क्वचित् जातात. आम्ही ज्या घरीं गेलों तेथील वह्यांत दक्षिणेकडील यजमानांचा भाग निराळा बांधलेला होता. त्यांतील जुनीं पानें मोडींत होतीं. गांव, तर्फ, बापाचें व आजाचें नांव, बरोबरीचीं माणसें, वाटेंत कोणी वारलें असल्यास तें. कोठें कोठें अक्षर स्वतः यजमानाचें, कोठें कारकुनाचें. हीं नांवें त्या त्या घराण्यांचीं व पंड्याच्या विश्वासाचीं असल्यामुळें येथें छापीत नाहीं.

पंडितजींचे वडील मोडी वाचीत. त्यांस स्वतःस ती येत नाहीं. मुलगा डेहराडूनला संगणकाचें शिक्षण घेत आहे. "आपलीच माणसें येऊन विचारतात, आमचे पूर्वज आले होते काय, आणि वही समोर असून मला सांगतां येत नाहीं," असें ते म्हणाले. आम्हीं दोन दिवस बसून एकतीस नोंदी त्यांस वाचून दाखविल्या व प्रत्येकीखालीं निराळ्या चिठीवर बाळबोध नक्कल लावून दिली. तिसऱ्या दिवशीं आमचे डोळे चालेनात. त्या एका घरींच अशीं निदान दोनशें पानें शिल्लक आहेत, व अशीं घरें अनेक आहेत. गांवांतील नक्षत्र वेधशाळेंत, जी पंडित चक्रधर जोशी यांनीं १९४६ त स्थापिली, जुन्या यंत्रांबरोबर हस्तलिखितांचाहि मोठा संग्रह आहे. तो पाहण्यास आम्हांस वेळ उरला नाहीं याची हळहळ वाटते.

मोडी वाचणाऱ्या सभासदांपैकीं कोणास जाणें झाल्यास आमचा अनुभव उपयोगीं पडावा म्हणून लिहितों. बदरीनाथाचीं दारें मिटल्यापासून वैशाखांत तीं उघडेपर्यंत पंडे घरीं असतात. उन्हाळ्यांत गेल्यास घरीं बायकामुलेंच भेटतात व वह्या वर गेलेल्या असतात. हृषीकेशहून सकाळची मोटार धरावी. वही पाहूं देतात, उचलूं देत नाहींत. छायाचित्रास आमच्या यजमानांनीं नकार दिला, हातानें नक्कल करण्यास दिला नाहीं. खोल्यांत उजेड कमी, म्हणून भिंग व लहान दिवा न्यावा. आणि लिहिण्यास शिसपेन न्यावें, कारण शाई त्या वह्यांजवळ कोणी आणूं देत नाहीं.